लाळग्रंथीतली पॉलिटीन गुणसूत्रं: स्टेन बसतो, पट्टे दिसत नाहीत. चूक कुठे?

मलप्रभा_काठ (प्रश्न)

नमस्कार. खानापूर तालुक्यातल्या डिग्री कॉलेजात बीएस्सीच्या मुलांना ड्रॉसोफिलाच्या (पिकल्या केळ्यावरच्या चिलटाच्या) अळीच्या लाळग्रंथीचं स्क्वॅश प्रॅक्टिकल घ्यायचं असतं, म्हणजे ग्रंथी रंगवून, दाबून आतली जाड पॉलिटीन गुणसूत्रं बघायची. वीस मुलांच्या बॅचमध्ये जेमतेम तीन-चार स्लाइड दाखवण्याजोग्या निघतात. बाकीच्यांत केंद्रक गडद लाल गोळ्यासारखा दिसतो, नाहीतर गुणसूत्रं इतकी बारीक की ४०च्या ऑब्जेक्टिव्हखालीही गुंतलेल्या दोऱ्याच वाटतात. आडवे पट्टे कुठेच नाहीत.

आमची पद्धत अशी: प्रयोगशाळेच्या मागे केळी ठेवून माश्या धरतो. २५० मिलीच्या बाटलीत रवा-गूळ-आगरचं माध्यम, त्यात वीस-पंचवीस जोड्या सोडतो आणि तशाच राहू देतो. आठ-दहा दिवसांनी माध्यमातली त्यातल्या त्यात मोठी अळी उचलतो. दवाखान्यातल्या ०.९ टक्के सलाइनमध्ये ग्रंथी काढतो, २ टक्के अ‍ॅसिटो-ऑरसीनच्या लाल रंगात अर्धा तास ठेवतो, कव्हरस्लिप ठेवून अंगठ्यानं दाबतो. बीओडी इनक्यूबेटर (तापमान स्थिर ठेवणारं कपाट) नाही. दोन स्टिरिओ मायक्रोस्कोप, साधे कंपाउंड आणि एक फ्रिज एवढंच आहे.

शिवाय पावसाळ्यात तिसऱ्या दिवसापासून बाटलीत बुरशी यायलीय. ऑरसीनची नवी बाटली मागवावी का? ती महाग पडते, म्हणून आधी इथे विचारतोय.

---

अळीवाला

सर, ऑरसीन मागवू नका, आधी अळ्या बदला. तुम्ही लिहिलेल्या पद्धतीत स्टेनपेक्षा मोठी चूक बाटलीतच आहे.

पॉलिटीन गुणसूत्र जाड होतं ते केंद्रक न विभागता डीएनएच्या प्रती पुन्हा पुन्हा निघत राहतात म्हणून. ड्रॉसोफिलाच्या लाळग्रंथीत साधारण दहा फेऱ्या होतात आणि एकेका गुणसूत्रात हजाराच्या आसपास धागे शेजारी शेजारी बसतात. या फेऱ्या अळीच्या खाण्यावर आणि वाढीला मिळालेल्या वेळेवर अवलंबून असतात. पंचवीस जोड्या आठ दिवस बाटलीत ठेवल्या की अंडी हजारांनी पडतात, अन्न पुरत नाही, आणि उपाशी अळी लहान अंगानंच कोषात जायच्या मार्गाला लागते. तिची ग्रंथी लहान, केंद्रकं लहान, गुणसूत्रं बारीक. तुम्हाला दिसणाऱ्या दोऱ्या त्याच. त्यावर जगातला कुठलाही स्टेन पट्टे उमटवणार नाही.

एका बाटलीत मोजक्याच अळ्या राहिल्या पाहिजेत. चांगली पोसलेली मादी दिवसाला पन्नासच्या वर अंडी घालू शकते. म्हणजे चार-पाच माद्या, तेवढेच नर, एक दिवस, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या माश्या बाहेर. अळ्या दिसू लागल्या की बेकरीच्या यीस्टची पातळ पेस्ट दोन-तीन थेंब, आणि पुढे एक दिवसाआड तेवढीच.

दुसरं तापमान. २५ अंशांना अंड्यापासून माशी व्हायला सुमारे दहा दिवस लागतात. १८ अंशांना जवळजवळ दुप्पट. थंडीत अळी हळू वाढते पण जास्त भरते, म्हणून या प्रॅक्टिकलसाठी १८ ते २० अंश उत्तम. खानापूर-बेळगावला डिसेंबर-जानेवारीत खोलीतच काम भागतं. एरवी थर्माकोलच्या खोक्यात बर्फ केलेल्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या ठेवा, सकाळ-संध्याकाळ बदला आणि आत थर्मामीटर असू द्या. माश्यांची बाटली बर्फाला टेकू देऊ नका. फ्रिजमध्ये तर नकोच, चार अंशांना वाढ थांबते.

तिसरं, अळी कुठली उचलायची. माध्यमात तोंड खुपसून खाणारी नाही. खाणं सोडून काचेवर चढलेली, संथ सरकणारी, पांढरी, टपोरी अळी हवी. पुढच्या टोकाची श्वासरंध्रं शिंगांसारखी बाहेर आली असतील किंवा अंग आखडून पिवळसर होत असेल तर ती सोडून द्या, ती कोषाला बसली. कोष झाल्यावर बारा-पंधरा तासांत लाळग्रंथी विरघळूनच जाते.

तारीख उलटी मोजा. २५ अंशांना अंडी घातल्यापासून पाचव्या दिवशी अळ्या काचेवर चढतात, १८ला दहाव्या-अकराव्या दिवशी. शुक्रवारी प्रॅक्टिकल असेल तर बाटल्या एकाच दिवशी लावू नका. १८ अंशांना ठेवणार असाल तर आदल्या आठवड्यातल्या सोमवार, मंगळवार, बुधवार अशा लागोपाठ तीन दिवशी लावा, कुठली तरी नेमकी जमून येते.

---

चिरोटी_रवा

वरचं सगळं मान्य, फक्त पावसाळ्यात “चार माद्या, एक दिवस” या हिशोबात एक गोची आहे. माध्यमाचा पृष्ठभाग बुरशीपासून वाचवतात त्या अळ्याच, उकरून उकरून. अळ्या थोड्या आणि उशिरा निघाल्या की पहिले तीन दिवस रान मोकळं, आणि पश्चिमेकडच्या त्या दमट हवेत बुरशी तेवढ्यात बाजी मारते. म्हणून पावसाळ्यात माद्या वाढवा आणि वेळ कमी करा: बारा-पंधरा माद्या, चार-पाच तास, मग बाहेर. अंडी तेवढीच पडतात, पण सगळ्या अळ्या एका वयाच्या निघतात आणि एकदम उकरायला लागतात. एका वयाच्या अळ्या म्हणजे प्रॅक्टिकलच्या दिवशी शोधाशोध नाही, हा वरचा फायदा.

आता माध्यम. म्हैसूर विद्यापीठाच्या ड्रॉसोफिला स्टॉक सेंटरकडचं, कर्नाटकात बहुतेक ठिकाणी चालतं ते प्रमाण असं: पाणी १००० मिली, गूळ १०० ग्रॅम, बारीक रवा १०० ग्रॅम, आगर १० ग्रॅम, प्रोपिऑनिक अ‍ॅसिड ७.५ मिली. रवा चिरोटीच घ्या. जाडा रवा तळाला बसतो, वर नुसती गुळाची जेली राहते. गूळ पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळा, चिपाडं आणि वाळू निघते. पिवळाधमक, हायड्रॉस (रंग उजळवायची पावडर) मारलेला गूळ नको, त्यातला सल्फाइट यीस्टला मारक. काळपट जवारी गूळ बरा. आगर त्या पाण्यात उकळून पूर्ण विरघळू द्या, मग थंड पाण्यात कालवलेला रवा घालून दहा मिनिटं ढवळत शिजवा. उपम्यासारखं नाही, पातळ पेजेसारखं ओतता आलं पाहिजे. आगर संपलं तर किराणा दुकानातलं चायना ग्रास चालतं, पण त्याची पकड कमी-जास्त असते, आधी एक बाटली करून बघा.

प्रोपिऑनिक अ‍ॅसिड कधी घालता ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझा संशय तिथेच आहे. उकळत्या माध्यमात घातलं तर वाफेबरोबर उडून जातं, नाकाला झोंबलं की समजायचं ते बाटलीत नाही, हवेत गेलं. ६० अंशांच्या आसपास, पातेल्याला बाहेरून हात क्षणभर टेकवता येईल इतकं निवलं की घाला, नीट ढवळा, आणि घट्ट व्हायच्या आत बाटल्यांत ओता. बुरशी येते म्हणून प्रमाण दुप्पट करणारे असतात, तसं करू नका. यीस्ट मरतं, अळ्या रेंगाळतात.

ओतल्यावर लगेच बोळा लावला तर आत पाणी साचतं आणि माश्या त्यात चिकटून मरतात. बाटल्यांवर मलमल टाकून रात्रभर निवू द्या, काचेवरचं पाणी टिपा, मग मलमलीत गुंडाळलेला कापसाचा बोळा. बोळा ओला झाला की बदला. रिकाम्या बाटल्या प्रेशर कुकरमध्ये पंधरा मिनिटं. पावसाळ्यात आगर १२ ग्रॅम करा, माध्यम सुटत नाही.

आणि तीन आठवड्यांपेक्षा जुनी बाटली कपाटात ठेवायची नाही. बुरशीपेक्षा वाईट म्हणजे माइट्स, कोळ्यांच्या जातीची बारीक कीड. कोषांवर बारीक पांढरट दाणे सरकताना दिसले तर ती बाटली उघडायचीच नाही, तशीच उकळत्या पाण्यात.

---

टिळकवाडी_लॅब

बाटलीचं झालं, आता टेबलावरचं.

सलाइन: कीटकांसाठी ०.७ टक्के धरतात. दवाखान्यातलं १०० मिली ०.९ टक्के सलाइन घेऊन त्यात २८ मिली डिस्टिल्ड वॉटर घाला, ०.७ होतं. नुसतं पाणी मात्र वापरू देऊ नका. पेशी फुगतात, केंद्रकं विस्कटतात. मुलं घाईत तेच करतात.

स्टिरिओखाली स्लाइडच्या पाठीमागे काळा कागद ठेवा. ग्रंथी काचेसारखी पारदर्शक असते, पांढऱ्या पाटावर ती हरवते. अळीचं डोकं म्हणजे जिथे तोंडाचे काळे आकडे आतबाहेर होतात ते निमुळतं टोक. एक सुई त्या काळ्या आकड्यांच्या लगेच मागे, दुसरी अळीच्या मध्याच्या थोडी पुढे. मागची सुई स्थिर, पुढची सावकाश, एका ओढीत. झटका दिला तर नुसतं डोकं हातात येतं. नीट आलं तर डोक्यामागून आतडं, आणि त्याच्या दोन बाजूंना भिजलेल्या साबुदाण्याच्या माळेसारख्या दोन ग्रंथी येतात. एकेक साबुदाणा म्हणजे एकेक पेशी, आतलं केंद्रकसुद्धा गोल ठिपक्यासारखं दिसतं. त्यांच्या आतल्या कडेला लोण्यासारखी पांढरी, अपारदर्शक पट्टी चिकटलेली असते, ती मेदपिंडाची. मुलं नेमकी तीच रंगवतात, कारण डोळ्यांना तीच आधी दिसते. ती सुईनं खरवडून काढा. राहिली तर तेलकट थेंब कव्हरस्लिपखाली पसरतात आणि पेशी सपाट होत नाहीत.

मग ग्रंथी ४५ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडच्या थेंबात अर्धा ते एक मिनिट, १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये दोन मिनिटं, आणि ऑरसीनमध्ये दहा-पंधरा मिनिटं. अर्धा तास जास्त झाला. पेशीद्रव्यही रंगतं, ग्रंथी कडक होते आणि दाबल्यावर गुणसूत्रं पसरायच्या ऐवजी तुटतात. थेंब सुकू नये म्हणून पेट्री डिशमध्ये ओला टिपकागद ठेवून झाका. स्टेन झाला की ४५ टक्के अ‍ॅसिडमध्ये क्षणभर धुऊन ग्रंथी १:२:३ द्रावणाच्या (लॅक्टिक अ‍ॅसिड १, पाणी २, ग्लेशियल अ‍ॅसिटिक ३) छोट्या थेंबात घ्या. थेंब मोठा असला की कव्हरस्लिप तरंगते.

दाबण्याआधी ठोकणं. कव्हरस्लिपचा एक कोपरा बोटानं धरा आणि ग्रंथीवर पेन्सिलच्या बोथट टोकानं हलक्या, उभ्या टिचक्या मारा, वीस-तीस. मध्येच १०च्या ऑब्जेक्टिव्हखाली बघा. केंद्रकाचं आवरण फुटून गुणसूत्रांच्या भुजा बाहेर पडलेल्या दिसल्या की थांबा. मग टिपकागदाची घडी ठेवून अंगठ्यानं सरळ खाली दाब. कव्हरस्लिप केसभर जरी आडवी सरकली तरी गुणसूत्रं वळकटीसारखी गुंडाळतात. तुमचे लाल गोळे बहुधा न ठोकता दाबल्यामुळे, आणि गुंतलेल्या दोऱ्यांत थोडा वाटा या सरकण्याचाही असेल.

ऑरसीन नवीन नको, गाळलेलं हवं. २ ग्रॅम ऑरसीन, ४५ मिली ग्लेशियल अ‍ॅसिटिकमध्ये मंद उकळी, गार झाल्यावर ५५ मिली डिस्टिल्ड वॉटर, मग फिल्टर. प्रत्येक प्रॅक्टिकलच्या सकाळी लागेल तेवढं पुन्हा गाळा, नाहीतर काळे कण पट्ट्यांसारखे दिसतात आणि मुलं ते वहीत काढतात. उकळताना खिडक्या उघड्या ठेवा. माश्या गुंगवायला ईथर वापरत असाल तर त्या टेबलावर स्पिरिट लॅम्प नको.

---

मलप्रभा_काठ

प्रोपिऑनिक अ‍ॅसिड उकळत्यातच घालत होतो, तुमचा संशय बरोबर. आणि पांढरी पट्टीसुद्धा बऱ्याच जणांनी रंगवली असणार.

दोन प्रश्न. केळीवर धरलेल्या माश्या चालतील की स्टॉकच मागवायला हवा? आणि अळ्या ऐन वेळी नसल्याच तर पर्याय काय?

---

गोकाक_कालवा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं: कायरोनोमस, डासासारख्या दिसणाऱ्या एका माशीच्या अळ्या. डबक्यात, सिमेंटच्या टाकीच्या तळच्या गाळात, गुरांच्या जुन्या हौदात लाल, वळवळणाऱ्या अळ्या असतात त्याच. लाल रंग हिमोग्लोबिनचा. १८८१ मध्ये बाल्बियानी या शास्त्रज्ञानं ही गुणसूत्रं पहिल्यांदा पाहिली तीही कायरोनोमसमध्येच, ड्रॉसोफिलात त्यांची ओळख पटली ती पेंटर या शास्त्रज्ञाच्या १९३३च्या कामानं. म्हणजे पर्याय हलका नाही.

गाळ प्लास्टिकच्या चाळणीत घेऊन पाण्यात हलवा, अळ्या राहतात. शेवटच्या अवस्थेतली, छातीचा भाग किंचित फुगू लागलेली अळी घ्या. पूर्ण फुगून गडद झालेली नको. डोक्याच्या लगेच मागे सुईनं कापून छाती हळूच दाबली की ग्रंथी बाहेर येते. ड्रॉसोफिलासारखी माळ नसते, चपटी, पारदर्शक चकती असते आणि तिच्यातल्या पेशी कितीतरी मोठ्या. पेशी थोड्या, म्हणून ग्रंथी हरवू देऊ नका. चार गुणसूत्रं सुटी सुटी दिसतात, कारण इथे क्रोमोसेंटर (ड्रॉसोफिलात सगळी गुणसूत्रं जिथे एकत्र चिकटतात तो मधला गठ्ठा) नसतो. तीन लांब, एक आखूड, आणि त्या आखूड गुणसूत्रावर बाल्बियानी रिंगचे मोठे फुगवटे. पट्टे १०च्या ऑब्जेक्टिव्हखालीही कळतात.

पण विद्यापीठाच्या यादीत ड्रॉसोफिला असेल तर वहीत अळीचं नाव नीट लिहायला लावा. कायरोनोमसची स्लाइड बघून खाली “क्रोमोसेंटर” असं लेबल लावलेल्या वह्या परीक्षेत येतात.

---

अळीवाला

केळीवरच्या माश्यांबद्दल. आपल्याकडे केळी, पेरू आणि मे-जूनमधला फणस यांवर एकच जात येत नाही. मेलॅनोगॅस्टर, अ‍ॅनानॅसी, मालेरकोटलियाना एकत्र येतात, आणि डोक्या-पाठीवर उभ्या पांढऱ्या रेघा असलेली झॅप्रिओनस तर हटकून. ती ड्रॉसोफिला नव्हे, आधी वेगळी करा. ब्रिजेसनं काढलेला पट्ट्यांचा नकाशा मेलॅनोगॅस्टरचा आहे, १०२ विभागांचा (एल म्हणजे डावी भुजा, आर म्हणजे उजवी): एक्स १ ते २०, २एल २१ ते ४०, २आर ४१ ते ६०, ३एल ६१ ते ८०, ३आर ८१ ते १००, चौथं १०१-१०२. अ‍ॅनानॅसीची स्लाइड तो नकाशा घेऊन वाचायला बसलात तर दिवस जाईल. भुजा ओळखायला लावणार असाल तर स्टॉक सेंटरमधून मेलॅनोगॅस्टर मागवा. नुसते पट्टे, फुगवटे, क्रोमोसेंटर दाखवायचे तर रानटी माश्या चालतील.

रानटी अ‍ॅनानॅसीचा एक फायदाही आहे: तिच्यात उलटापालटी, म्हणजे इन्व्हर्जन, भरपूर. मधेच एखाद्या भुजेचा गोल फासा झालेला दिसला तर स्लाइड बिघडली म्हणून धुऊ नका. तो विषमयुग्मी इन्व्हर्जनचा, म्हणजे जोडीतल्या एकाच गुणसूत्रात उलटापालट असली की होणारा लूप आहे, पुस्तकातल्या आकृतीत असतो तोच. तेवढी स्लाइड नेलपॉलिशनं कडा बंद करून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-चार दिवस टिकते, सगळ्या बॅचना दाखवता येते.

एक्स नीट दाखवायचा तर मादी अळी घ्या. नर अळीत मागच्या तिसऱ्या भागात दोन्ही कडांना मोठे, स्वच्छ, अंडाकृती ठिपके दिसतात, ते वृषण. मादीत ते अगदी छोटे. नराचा एकटा एक्स फिकट आणि विरळ रंगतो, मुलं त्याला “स्टेन न बसलेली भुजा” म्हणतात.

---

चिरोटी_रवा

शब्दांचा एक घोळ इथे सांगतो. “फळमाशी” म्हटलं की निपाणी-चिकोडीकडच्या शेतकरी घरातल्या मुलांच्या डोळ्यांसमोर आंब्याची माशी येते, बॅक्ट्रोसेरा. मिथाइल युजेनॉलच्या वासाच्या सापळ्यात येणारी ती. ड्रॉसोफिला म्हणजे पिकल्या केळ्यावरचं चिलट. पहिल्याच तासाला हे सांगितलं नाही तर कुणीतरी शेतातला सापळा घेऊन येतो. आणि वर्गात कन्नड माध्यमाची मुलं असतील तर गुणसूत्राला त्यांच्याकडे “वर्णतंतू” म्हणतात, म्हणजे रंगीत धागा. स्टेन का लागतो हे समजावायला आपल्या “गुणसूत्रा”पेक्षा तो शब्द सोपा पडतो, दोन्ही फळ्यावर लिहा.

तोंडी परीक्षेत हमखास अडतात तो प्रश्न: 2एन ८ असताना इथे पाच लांब भुजा आणि एक आखूड ठिपका एवढंच का? समजात, म्हणजे एकाच जोडीतली गुणसूत्रं कायिक पेशीतच जोडीनं चिकटलेली असतात. दुसरं आणि तिसरं मध्यभागी क्रोमोसेंटरला जोडलेलं, म्हणून प्रत्येकाच्या दोन भुजा. एक्सची एक. चौथं इवलंसं. वाय जवळजवळ सगळा हेटरोक्रोमॅटिन (घट्ट गुंडाळलेला भाग), त्याच्या प्रती निघतच नाहीत, तो क्रोमोसेंटरमध्ये बुडालेला. हे स्लाइडवर बोट ठेवून सांगता आलं की आकृती पाठ करायची गरज नाही.

---

मलप्रभा_काठ

खूप आभार. बाटल्या परवा लावतो. शेवटचं एक: वीस मुलं, दोनच स्टिरिओ. २०११च्या यूजीसीच्या मार्गदर्शक सूचनांनंतर विच्छेदन कमी केलंय, तेव्हा अळ्याही उगाच वाया घालवायच्या नाहीत. बॅच कशी चालवू?

---

टिळकवाडी_लॅब

चौघांचा एक गट, गटाला दोन अळ्या. एक ग्रंथी काढण्याचा हात बसायला, दुसरी स्लाइडची. म्हणजे दहा अळ्या, वर पाच राखीव. प्रत्येक अळीला दोन ग्रंथी असतात, त्या वेगळ्या करून दोन स्लाइड करा. स्टिरिओवर एका गटाला पंधरा मिनिटं. एक गट काढत असताना दुसऱ्याची ग्रंथी स्टेनमध्ये असते, त्यामुळे तीन तासांत पाचही गट निघतात. बाकीच्यांना तोवर आदल्या दिवशीची बंद केलेली स्लाइड ४०खाली देऊन एकच भुजा टोकापासून क्रोमोसेंटरपर्यंत पेन्सिलनं काढायला सांगा. अख्खं केंद्रक काढायला सांगितलं की सगळे पुस्तकातलं उतरवतात.

अळ्या सकाळीच काचेवरून ओल्या ब्रशनं उचलून ओल्या टिपकागदाच्या डिशमध्ये ठेवा. दुपारच्या बॅचसाठी ठेवायच्या त्या थंड जागी, नाहीतर जेवणाच्या सुट्टीत अर्ध्या कोषाला बसतात.